बेडूकमासे बरणीत ठेवावेत का?

मुलांनो, आवणीच्या वेळी मी आमच्या खाचरातून सात बेडूकमासे बरणीत घालून घरी आणले. शहापूरचा मामेभाऊ म्हणाला, "भाताची शितं टाक, खातील." मी मूठभर टाकली. सकाळी पाणी नासले, वास आला आणि दोन मेले. मला लय वाईट वाटले.

गुरुजी म्हणाले, "ते लहानपणी शेवाळ खातात. पाणी खाचराचेच घाल." मी शेवाळ लागलेला दगड आणून ठेवला. मग ते त्याला चिकटून खाऊ लागले. आधी मागचे पाय फुटले, नंतर पुढचे. तेव्हा दगड पाण्याच्या वर यावा लागतो, नाहीतर ते बुडून मरतात. शेपूट गेल्यावर बेडकाला हलणारे जिवंत किडे लागतात. ते मी रोज कोठून आणू? म्हणून पाचही जण त्याच खाचरात सोडले.

बेडूक भातावरचे किडे खातो. पूर्वी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशात पाठवत. १९८७ साली सरकारने ते बंद केले. मग आपण त्याला बरणीत का मारायचे?

माझे मत असे की बेडूकमासा बघायला आणावा, पण त्याच्या घरी परत सोडावा. तुम्हाला काय वाटते?