मी त्या पत्रावर सही का केली नाही



गेले दोन महिने ग्वाल्हेरच्या लष्करातल्या आपल्या मराठी घरांमध्ये माझ्याबद्दल एक वाक्य फिरतंय, "काकांनी आपल्याच माणसाचं काम अडवलं." तोंडावर कोणी बोलत नाही, पण फिरून फिरून ते घरी येतंच. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. लांबलचक झालंय, पण पूर्ण वाचा आणि मग काय बोलायचं ते बोला.

झालं असं. आपल्यातल्या एका गृहस्थांनी घरातलं जुनं पिस्तूल ऑनलाइन विकायला काढलं. जाहिरातीत लिहिलं, "ग्वाल्हेरच्या मराठा सरदार घराण्यातील अस्सल पिस्तूल, पानिपतच्या लढाईत वापरलेले." किंमत साडेचार लाख. घेणाऱ्याने पुरावा मागितला तेव्हा ते माझ्याकडे आले. म्हणाले, "तुम्ही बँकेतले, वयाने मोठे. पानिपतापासून हे आमच्या घरात आहे, असं दोन ओळींचं पत्र द्या." मी पिस्तूल हातात घेऊन पाहिलं आणि नाही म्हटलं.

का नाही म्हटलं? त्या पिस्तुलाच्या घोड्यासमोर गारगोटी नव्हती, रंजक ठेवायची वाटीही नव्हती. घोडा जिथे आपटतो तिथे एक छोटी नळी होती. तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची, घोडा टोपीवर आपटला की आत ठिणगी जाते. म्हणजे ते टोपीचं पिस्तूल. आता हिशेब करा. पानिपत झालं 14 जानेवारी 1761 ला. आघाताने पेटणाऱ्या दारूचं पेटंट फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने घेतलं 1807 मध्ये, आणि तांब्याची टोपी त्याच्याही नंतरची. पन्नास-साठ वर्षांनी निघालेली वस्तू सदाशिवरावभाऊंच्या फौजेत कशी असेल? यात माझं मत कुठे आलं? साधी वजाबाकी आहे ही.

हे मला कळलं ते मी फार हुशार म्हणून नाही. आमच्याच घरी हेच झालंय. आमच्या माजघरात एक पिस्तूल होतं, "पणजोबांच्या आजोबांनी पानिपताहून आणलेलं". दसऱ्याला त्याची पूजा व्हायची, झेंडूचं फूल वाहायचे. पुढे लायसन्सची भानगड नको म्हणून वडिलांनी ते पोलीस ठाण्यात जमा केलं. निवृत्तीनंतर जुने कागद लावताना त्याची पावती सापडली. ठाण्यातल्या मुन्शीने हिंदीत लिहिलेलं, "टोपीदार पिस्तौल, एक नाल." घराण्याची दीडशे वर्षांची कथा त्या मुन्शीच्या एका शब्दाने संपली. वाईट वाटलं, नाही असं नाही. आत्या तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण पावती खरी होती आणि कथा खोटी.

आता मूळ मुद्दा. ऑनलाइन जी जुनी पिस्तुलं विकली जातात, त्यातल्या बऱ्याच जाहिरातींत वस्तू कमी आणि गोष्ट जास्त विकली जाते. आणि त्या गोष्टीत "मराठा सरदार", "शिंदेशाही", "वाड्यातून मिळालेले" हे शब्द असतात. म्हणजे भांडवल आपलं नाव आहे. मी बँकेत सोन्यावर कर्ज दिलं, तेव्हा "ही आजीची पाटली आहे" असं ऐकून एक रुपया दिला नाही. सराफ कसोटीवर घासायचा, वजन करायचा, मग रक्कम ठरायची. आजीबद्दल आदर असतोच, पण कर्ज सोन्यावर मिळतं.

पिस्तुलालाही कसोटी असते. मी तज्ज्ञ नाही, पण एवढं कोणालाही पाहता येतं.

पहिलं, शिक्के. इंग्लंडच्या सरकारी पिस्तुलावर मुकुट आणि "टॉवर" असतं, ईस्ट इंडिया कंपनीच्या हत्यारांवर 1808 च्या सुमारापासून मुकुट धरलेला उभा सिंह दिसतो. पर्यटकांना विकायला केलेल्या नकलांवरही "टॉवर" हमखास असतंच, पण अक्षरं उथळ, वेडीवाकडी, कधी साच्यातून ओतल्यासारखी बुळबुळीत. गारगोटीच्या पिस्तुलावर "टॉवर 1857" दिसलं तर लगेच शंका घ्या, कारण 1840 च्या आसपास इंग्रज फौज टोपीकडे वळली होती. बेल्जियममधल्या लिएज शहरातून जगभर पिस्तुलं गेली. त्यांच्यावर लंबगोलात "ई.एल.जी." ही अक्षरं असतात, आणि वर मुकुट असेल तर ते 1893 नंतरचं. मग विकणारा खुशाल झाशीच्या राणीचं नाव घेवो.

दुसरं, झीज. खरी वस्तू जिथे हात लागतो तिथे झिजते, म्हणजे मुठीवर, चापाजवळ, घोड्याच्या टोकाला. ॲसिड लावून आणलेला गंज सगळीकडे सारखा असतो, कोपऱ्यातही आणि मुठीखालीही. जुने स्क्रू हाताने केलेले, त्यांची खाच अरुंद. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तिथेच थांबा. शोभेच्या नकलेची नळी पुष्कळदा आतून पोकळच नसते, आणि जस्ताच्या ओतकामाला लोहचुंबक चिकटत नाही.

तिसरं, जोडकाम. नळी एकाची, घोडा दुसऱ्याचा, मूठ परवा सुताराने केलेली. प्रत्येक तुकडा जुना, पण पिस्तूल नवं. कोल्टच्या 1851 च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरवर नळी, सांगाडा, चापाची कडी यांवर एकच क्रमांक असायला हवा. तो जुळला नाही तर किंमत कोसळते. इटलीत केलेल्या त्याच्या चांगल्या नकला गेली साठेक वर्षं बाजारात आहेत, आणि लबाड लोक त्यांच्यावरचे इटालियन शिक्के घासून काढतात. घासलेली जागा शोधा.

आणि कृपा करून घरात जे आहे ते पितांबरीने चकचकीत करू नका. जुना रंग गेला की अर्धी किंमत गेली.

किंमतीचं म्हणाल, तर जाहिरातीतला आकडा म्हणजे मागितलेली किंमत. बँकेत आम्ही तिला काडीची किंमत देत नव्हतो. तशीच वस्तू प्रत्यक्ष किती रुपयांना गेली ते बघा, मोठ्या लिलावांचे आकडे सगळ्यांना पाहायला मिळतात. 2025 मध्ये नागपूरकर रघुजीराजे भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून सुमारे 47 लाखांना परत आणली. का मिळाली एवढी किंमत? पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघुजींचं नाव सोन्याने लिहिलेलं आहे म्हणून. कोणा निवृत्त काकांच्या पत्रामुळे नव्हे.

कायद्याचंही ऐका. "अँटिक आहे, लायसन्स लागत नाही" हे वाक्य विकणारे बिनदिक्कत म्हणतात. 1959 च्या शस्त्र कायद्यात सवलत आहे, पण ती दुरुस्त करूनसुद्धा जे हत्यार चालू होऊ शकत नाही त्याला. केवळ जुनं असणं पुरत नाही. आणि ते चालू होणार नाही हे आपण घरात बसून कसं ठरवायचं? शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येते. ती कोणाही खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि असा धंदा करायला परवाना लागतो. एकाच पानावर वीस "अस्सल" पिस्तुलं लावणाऱ्याकडे तो परवाना मागून पाहा. पिस्तुलं खरी असतील तर परवाना हवा, आणि परवाना नसेल तर माणूस एकतर कायदा मोडतोय किंवा खोटं बोलतोय.

आता माझ्यावरच्या आरोपांबद्दल.

"चार पैसे आपल्या माणसाला मिळाले असते, तुमचं काय जात होतं?" जात होतं घेणाऱ्याचं. तोही आपल्यासारखाच नोकरदार, पुण्यातला तरुण, आपल्या मुलाला मराठ्यांचा इतिहास दाखवायला पै-पै जमवून घेणार होता. त्याला आपला म्हणायचं की नाही?

"घराण्याचा अभिमान नाही तुम्हाला." आहे, म्हणूनच. आपल्यातल्या काही घरांत खरी मोडी कागदपत्रं आहेत, सनदा आहेत, शिंदे सरकारच्या वेळचे हुकूम आहेत. आपण पाच खोटी पत्रं बाजारात सोडली की सहावं खरं पत्र घेऊन गेलेल्या माणसाला लोक हसतील. बँकेत खोटी नोट आली की आम्ही ती गिऱ्हाइकाला परत देत नसू, शिक्का मारून ठेवून घेत असू. ती परत फिरली तर नुकसान खऱ्या नोटेचं होतं.

त्या गृहस्थांचं पिस्तूल टाकाऊ आहे असं मी कधीच म्हटलं नाही. ते एकोणिसाव्या शतकातलं असू शकतं, आणि तसं लिहून, लायसन्सचं बघून, जाणकाराला दाखवून विकलं तर त्याला रास्त किंमत येईल. साडेचार लाख येणार नाहीत, पण घेतलेला पैसा परत द्यायची वेळही येणार नाही. मी हे त्यांना त्याच दिवशी सांगितलं होतं. ही अर्धी गोष्ट मात्र कोणी फिरवली नाही.

तुमच्या घरात असं काही असेल तर आज एक वही घ्या. डाव्या पानावर "ऐकलेलं" लिहा, उजव्या पानावर "कागदात असलेलं". जुनं लायसन्स, पावती, वाटणीपत्र, भिंतीवर ते टांगलेलं दिसतं असा जुना फोटो, सगळं उजवीकडे. दोन्ही पानं जपा, पण एकमेकांत मिसळू नका. आमच्या वहीत डावीकडे पानिपत आहे आणि उजवीकडे मुन्शीची पावती. नातवाला मी दोन्ही दाखवतो.

सही मागायला पुन्हा कोणी आलं तर चहा नक्की देईन. सही उजव्या पानाखाली मिळेल.