मृगाआधी आळीत एकदा बसू या

चिपळूणकरहो, पाऊस तोंडावर आला आहे. कौले चाळून झाली, पत्र्यांना डांबर लावून झाले, नदीतला गाळ खरेच किती निघाला यावर नाक्यानाक्यावर वादही घालून झाले. एक काम मात्र राहिले आहे आणि ते कुठल्याच खात्याच्या अंदाजपत्रकात नाही: आपल्या आळीतली, वाडीतली, सोसायटीतली माणसे एकत्र बसवणे. ते या आठवड्यात उरकून घ्या.

घाई का, ते २२ जुलै २०२१ ची पहाट पाहिलेल्यांना सांगायला नको. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या एकदमच चढल्या. पौर्णिमा दोन दिवसांवर, त्यामुळे खाली दाभोळच्या खाडीला उधाण. वरून घाटमाथ्याचे पाणी. कोयनेच्या वीजप्रकल्पातून सुटणाऱ्या अवजलाचा आणि कोळकेवाडी धरणाचा त्यात वाटा किती, हे भांडण अजून मिटलेले नाही. ते भांडत राहिलेच पाहिजे. चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केले, तेव्हा कुठे गाळ उपशाने वेग घेतला. पण पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आल्यावर हा वाद उपयोगाचा नसतो.

त्या दिवशी महामार्ग बंद, कोकण रेल्वे बंद, वीज गेलेली, थोड्या वेळाने मोबाइलही मुके. एसटी आगारातली माणसे तिकिटांची रोकड सांभाळत बसच्या टपावर तासन्‌तास बसून होती. पाण्याने वेढलेल्या कोविड रुग्णालयात ८ रुग्ण दगावले. एनडीआरएफच्या बोटी आल्या आणि त्यांनी पुष्कळांना काढले, हे खरेच. पण बोट येईपर्यंतचे तास शेजाऱ्यांचे होते. कुणी साडीला साडी बांधून माळ्यावर ओढले, कुणी आपल्या गच्चीचे कुलूप तोडून दिले. आता पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी शहरात येऊन थांबते. तरी एक तुकडी एका वेळी बाजारपेठ, खेंड, मुरादपूर, शंकरवाडी आणि पेठमाप इतक्या ठिकाणी कशी पुरणार?

वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर. हे आकडे प्रशासनाच्या पत्रकात येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. पण ५ मीटर म्हणजे आपल्या दारात किती? तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजीने कोणत्या आकड्याला उठून वर जायचे? हे पत्रकात कधीच नसते. आळीतल्या जुन्या माणसाला मात्र ते बरोब्बर ठाऊक असते. नदी अमुक पातळीला आली की आधी मागच्या गटारातून पाणी उलटे येते, मग कोपऱ्यावरच्या दुकानाची पायरी बुडते, मग अर्ध्या तासात रस्ता जातो, हा हिशेब त्याच्याकडून लिहून घ्या आणि विजेच्या खांबावर, भिंतीवर ऑइल पेंटने खुणा करा. फक्त २००५ च्या पुराच्या खुणेवर विसंबू नका. ‘याच्या वर पाणी येत नाही’ म्हणत ती खूण दाखवणारे २०२१ ला फसले.

बैठकीत यादी करायची. यादी कशी करायची हे कोकणाला शिकवायची गरज नाही. शिमग्यात पालखी कोणत्या दारी कधी जाणार, कोणते घर बंद आहे, कुणाचा मुलगा मुंबईहून येणार, हे सगळे आपल्याला तोंडपाठ असते. तेच घरोघरचे ज्ञान पावसाळ्यासाठी वापरायचे. अंथरुणाला खिळलेले कोण, डायलिसिसवर कोण, ऑक्सिजनचे यंत्र कुणाकडे, दिवस भरत आलेली बाई कोण. बंद घराची किल्ली कुणाजवळ. प्रत्येक नावापुढे एक तरणा माणूस, आणि तो गावी गेला तर दुसरा. यादी कागदावर हवी. फोन बंद पडल्यावर फोनमधली यादी काय कामाची? म्हणूनच हाकही फोनवर सोडू नका. नगरपरिषदेचा भोंगा ऐकू येत नसेल तिथे देवळाची घंटा, मशिदीचा ध्वनिक्षेपक, मंडळाचा ढोल, जे हाताशी असेल ते ठरवून ठेवा. रात्री तीनला ढोल वाजला तर चिडायचे नाही, उठायचे, हेही त्याच बैठकीत ठरू दे.

घरात थोडे पाहून घ्या. खिडक्यांना चोरांच्या भीतीने आपण पक्के ग्रिल ठोकतो. पाणी आले की तेच ग्रिल पिंजरा होते. एका खिडकीला तरी आतून उघडणारी झडप करून घ्या. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवरून वर उचला. निघताना मेन स्विच बंद करा, गॅस सिलिंडर बांधून ठेवा. मोकळा सिलिंडर पाण्यावर तरंगतो आणि दारावर आपटत राहतो. दोर, शिट्टी, बॅटरी आणि हवा भरलेली ट्रकची ट्यूब, एवढे प्रत्येक आळीत असले तरी पुष्कळ झाले. आणि पाणी ओसरताना मुलांना चिखलात सोडू नका. मगरी वस्तीत येतात. २०२४ मध्ये चिंचनाक्याच्या रस्त्यावर फिरणारी मगर सगळ्या देशाने मोबाइलवर पाहिली.

डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांसाठी वेगळे सांगतो. तिवऱ्याचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, भेंदवाडी वाहून गेली, वीसजणांच्या आसपास माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. पुढे खापर फुटले ते धरण पोखरणाऱ्या खेकड्यांवर. तेव्हा तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या, पोच घ्या, फोटो जोडा. पण उत्तराची वाट पाहत तिथेच झोपू नका. जमिनीला भेग पडली, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा आटले, तर त्या रात्री शाळेत नाहीतर पाहुण्यांकडे झोपा. महाडजवळ तळिये गेले तेही २०२१ च्या त्याच २२ जुलैला.

रस्त्यांचे दुखणे बारमाही आहे. महामार्गाच्या कामाने आपल्याला काय काय दाखवले! ऑक्टोबर २०२३ मध्ये बहादूरशेख नाक्यावरचा बांधकाम चाललेला उड्डाणपूल कोसळला. परशुराम घाटात दरडीच्या भीतीने वाहतूक थांबवावी लागली. मोठी कामे आपल्या हातची नाहीत. पण पाणी साचले की दिसेनासे होणारे उघडे गटार आपल्या दारातच असते. तिथे लाल फडके बांधलेला बांबू रोवायला कुणाची परवानगी लागत नाही. रस्त्यावर बसणाऱ्या गुरांच्या गळ्यात रेडियमचे पट्टे बांधा. पुलावरून पाणी जात असेल तर गाडी घालू नका, आणि तिठ्यावर दोघांनी उभे राहून दुसऱ्यालाही घालू देऊ नका.

अपघात दिसला तर थांबा. पोलिसांचे लचांड मागे लागेल, ही भीती सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ मुळे मदत करणाऱ्याला संरक्षण आहे; नाव सांगण्याची वा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या घाटातून रात्रभर येतील, तेव्हा हे आठवा.

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. हे तीन नंबर यादीच्या डोक्यावर लिहा आणि येत्या रविवारी सकाळी आपल्या आळीतल्या देवळात, मोहल्ल्यात किंवा सोसायटीच्या जिन्याखाली जमा. कुणी बोलावले नाही म्हणून थांबू नका. शेजारचे दार तुम्हीच वाजवा. यादीची एक प्रत नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत द्या, दुसरी आळीत सर्वांत उंच ज्याचे घर, त्याच्याकडे ठेवा.