कोर्स आखूड करून कारागीर घडत नाही

तंत्रज्ञान झपाट्याने बदलते आहे, म्हणून आयटीआयचे दोन वर्षांचे ट्रेड मोडीत काढा आणि प्रत्येक नव्या यंत्रागणिक तीन महिन्यांचा कोर्स सुरू करा, असे आग्रहाने मांडले जाते. हे म्हणणे ऐकताना पटते, पण प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहिले की टिकत नाही. रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचाच ट्रेड घ्या. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने आधी आर-१२ आणि मग आर-२२ हे शीतलक वायू हद्दपार करायला घेतले. आर-२२ च्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला अपाय करत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट तापमान वाढवतो. म्हणून २०१६ मध्ये त्याच करारात किगाली दुरुस्ती झाली, भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली आणि बाजार आर-३२ व आर-२९० यांच्याकडे वळू लागला. वायू असे एकामागून एक बदलत गेले, पण कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॅपिलरी आणि इव्हॅपोरेटर हे चक्र होते तसेच आहे. ते ज्याला नीट उमगले, त्याला नवा वायू समजून घ्यायला थोडे दिवस पुरतात. उलट एकाच मॉडेलपुरती पायरीवार कृती पाठ केलेल्याला दर बदलाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हा फरक हातात कसा उतरतो ते स्प्लिट एसी बसवताना दिसते. तांब्याच्या नळ्या जोडल्यावर आतली हवा आणि ओल काढण्यासाठी व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. ओल राहिली तर ती कॅपिलरीत गोठते, तेलाशी मिळून आम्ल तयार करते आणि कॉम्प्रेसर जळतो. वेळ वाचवायला पंप न लावता युनिटमधलाच थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढण्याची सवय जुनी आहे. आर-२२ च्या काळात ती खपून गेली, कारण नुकसान डोळ्यांना दिसत नव्हते. पण आर-२९० म्हणजे प्रोपेन, आणि आर-३२ सुद्धा पेट घेऊ शकतो. गॅस काढून न घेता, नायट्रोजन न फिरवता नळीवर ब्रेझिंगची ज्योत धरली तर आगीशी गाठ आहे. शिवाय आर-३२ चा एक किलो हवेत सोडणे म्हणजे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे. शाश्वत विकासासाठी अभ्यासक्रमात पर्यावरणाचा एक धडा जोडणे पुरेसे मानणाऱ्यांनी हे पाहावे. पर्यावरणाचे रक्षण इथे त्या पंपाच्या अर्ध्या तासात होते किंवा होत नाही.

कंपन्या आपापले प्रशिक्षण देतातच, मग सरकारने कशाला, असे विचारले जाते. कंपनी आपल्या सेवाकेंद्रातल्या माणसांना आपल्या मालापुरते शिकवते. वॉरंटी संपलेला एसी मात्र गल्लीतल्या मेकॅनिकच्या हाती जातो, आणि तो कोणत्याच कंपनीचा नसतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गरीब घरच्या मुलाने कमाईविना दोन वर्षे काढायची कशी? हा प्रश्न टाळता येत नाही. पण त्याचे उत्तर शिक्षणाची मुदत कापण्यात नाही, त्या मुदतीत पोट भरण्याची सोय करण्यात आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात विद्यावेतनाची तरतूद आहे. खोलीभाडे, जेवण आणि प्रवास भागेल इतके ते असायला हवे. तीन महिन्यांचा कोर्स त्या मुलाला आज काम मिळवून देईल, पण वायू बदलला की त्याची मजुरी पुन्हा हेल्परची होईल.

आयटीआय आज आहेत तशाच ठेवा, असे मात्र मुळीच म्हणणे नाही. जिथे जुन्या यंत्रावरच प्रात्यक्षिक होते, तिथे दोन वर्षेही वाया जातात. पाया दोन वर्षांचाच ठेवावा आणि छोटे कोर्स त्यावर बदलत्या वायूंसाठी, काम करणाऱ्या मेकॅनिकसाठी चालवावेत. प्रत्येक कार्यशाळेत गॅस काढून घेणारे रिकव्हरी यंत्र असावे, आणि निदेशकांना ठरावीक वर्षांनी कारखान्यात जाऊन काम करण्याची सक्ती असावी. २०१९ च्या भारतीय शीतलीकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट मांडले होते. त्या प्रमाणपत्राला किंमत यायची तर वायू हाताळणाऱ्या प्रत्येकासाठी ते बंधनकारक हवे, युरोपीय संघात फ्लोरिनयुक्त वायूंसाठी आहे तसे, आणि त्याची परीक्षा कागदावर न घेता गेज आणि पंप हातात देऊन घ्यायला हवी.