वालचंदनगरचे भांडे

२३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३ उतरले, तेव्हा आमच्या सोलापूरच्या घरी पेढे आले. इंजिनियरिंगला असलेला नातू म्हणाला, ‘आजोबा, हे सगळं सरकारी. खासगी कंपन्यांना यात कोण विचारतं?’

‘अरे, वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. इंदापूर तालुक्यातल्या त्यांच्या वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रं होतात ना, तिथंच त्या अग्निबाणाच्या बूस्टरचे भाग घडले.’

‘मग कुठं आहेत ते?’

‘समुद्रात. दोनएक मिनिटं जळून बूस्टर गळून पडतात.’ भांड्यावर नाव घालायची आपली हौस. इथे भांडेच बुडते!

मार्च २०२५मध्ये फायरफ्लाय या अमेरिकन कंपनीचे स्वतःचे यान चंद्रावर उतरले. तेव्हापासून नातवाला सबंध यान करायचे आहे, नुसते भाग नव्हे. वालचंदनगरला अर्ज टाक, म्हणून मी सुचवले. अजून टाकलेला नाही.