काळ्या मोहऱ्यांचा हिशेब

बुद्धिबळात पहिल्या खेळीचा मान पांढऱ्या मोहऱ्यांना असतो आणि तो केवळ शोभेचा नसतो. आजवरच्या स्पर्धांतील डावांची बेरीज केली, तर शंभरांपैकी सुमारे ५५ गुण पांढऱ्याच्या पदरात पडलेले दिसतात. म्हणूनच २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीविरुद्धचा निर्णायक डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकला, ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही. आधीचे तिन्ही डाव बरोबरीत सुटले होते. या द्रुतगती डावात घड्याळाचा काच दोघींनाही होता. पण अडखळली ती अनुभवी हंपी. एकही ग्रँडमास्टर निकष गाठीशी नसताना १९ वर्षांची दिव्या थेट ग्रँडमास्टर झाली. हंपीला हा किताब २००२ साली मिळाला, तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता!

कौतुक पुष्कळ झाले व ते योग्यच होते. प्रश्न निराळा आहे. या विजयाचे पारितोषिक ५० हजार डॉलर होते. त्याच वर्षी गोव्यात झालेल्या खुल्या विश्वचषकाच्या विजेत्यासाठी १ लाख २० हजार डॉलर होते. खुल्या गटातील खेळाचा दर्जा वरचा असतो, असा युक्तिवाद यावर केला जातो. तो अगदीच पोकळ नाही. परंतु दर्जा आकाशातून पडत नाही. प्रशिक्षक, प्रवास आणि वर्षानुवर्षांचा सराव यांवर खर्च करावा, तेव्हा तो येतो. जेथे यशाचे मोलच निम्म्याहून कमी, तेथे कोणते मध्यमवर्गीय घर हा खर्च मुलीवर करण्यास धजावेल? (रोहिणी खाडिलकर १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा तर नुसत्या प्रवेशावरूनच गदारोळ उठला होता.)

महाराष्ट्र शासनाने दिव्याला ३ कोटी रुपये दिले. म्हणजे मूळ पारितोषिकाच्या सुमारे सातपट. ते देऊ नयेत, असे कोणीही म्हणणार नाही. मात्र दिव्याचे आईवडील दोघेही डॉक्टर आहेत. कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या मुलीला पैशाची निकड विश्वचषकानंतर नव्हे, तर दहाव्या वर्षी, परगावच्या पहिल्या स्पर्धेला जाताना भासते. तेवढीच आणखी एक रक्कम ७ टक्के व्याजाने ठेवली, तर वर्षाला २१ लाख रुपये हाती येतात. त्यातून नागपूर-सांगलीपासून गडचिरोलीपर्यंतच्या २१ मुलींना दरसाल प्रत्येकी एक लाखाची शिष्यवृत्ती देता येईल, आणि मुद्दलाला हातही लावावा लागणार नाही.