इव्वारचे तट शाबूत, रहिवाशांचे काय?

जिनिव्हा सरोवराच्या फ्रेंच काठावरील इव्वार हे जेमतेम हजारभर वस्तीचे गाव. चौदाव्या शतकाच्या आरंभी, १३०६ पासून, सव्हॉयचा काउंट पाचवा आमेदे याने सरोवरातील वाहतुकीवर नजर ठेवण्यासाठी येथे तटबंदी उभारली. आज त्याच वेशी आणि फुलांनी बहरलेल्या दगडी गल्ल्या पाहण्यासाठी पलीकडच्या स्विस काठावरील न्यों शहरातून पर्यटक बोटीने अवघ्या वीसेक मिनिटांत येतात. तटबंदी टिकली, प्रश्न आहे तो तिच्या आत आणि आसपास कायम राहू शकणाऱ्यांचा.

अशा गावांतील घरटंचाईचे खापर बहुधा पर्यटकांवर फुटते. ते सर्वस्वी चुकीचेही नाही. नोव्हेंबर २०२४ मधील फ्रेंच कायद्याने पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या घरांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचे अधिकार स्थानिक प्रशासनांना दिले. राहते घर वर्षाकाठी १२० ऐवजी ९० दिवसच भाड्याने देता येईल, असा निर्बंधही आता त्यांना घालता येतो.

परंतु या प्रदेशातील दुखणे केवळ पर्यटनाचे नाही. जिनिव्हा कँटनमध्ये २०२५ साली किमान वेतन ताशी २४.४८ फ्रँक होते. फ्रान्समध्ये ते ११.८८ युरो, म्हणजे निम्म्याहूनही कमी. साहजिकच असंख्य लोक फ्रान्समध्ये राहून स्वित्झर्लंडमध्ये नोकरी करतात. १९७३ च्या करारानुसार जिनिव्हा या कर्मचाऱ्यांच्या एकूण वेतनाच्या ३.५ टक्के रक्कम सीमेलगतच्या दोन फ्रेंच जिल्ह्यांना देते. त्यातून सार्वजनिक सुविधा उभ्या राहतात; मात्र फ्रेंच पगारावर जगणारी परिचारिका वा उपाहारगृहातील आचारी घराच्या बाजारात स्विस पगाराशी स्पर्धा करू शकत नाही.

त्यात नव्या बांधकामाची वाटही अरुंद. १९८६ चा किनारा संरक्षण कायदा हजार हेक्टरांहून मोठ्या सरोवरांच्या काठांनाही लागू आहे. सरोवराचे सौंदर्य राखण्यासाठी तो आवश्यकच. पण त्यामुळे उपलब्ध घरांचे मोल आणखी वाढते.

म्हणूनच पर्यटकांची संख्या आटोक्यात आणून प्रश्न सुटणार नाही. रिकामे झालेले घर अधिक पगारवाल्याच्याच हाती जाणार असेल, तर निर्बंधाचा लाभ कोणाला? परवडणाऱ्या भाड्याची, बारमाही वास्तव्यासाठी राखीव घरे हाच खरा उपाय आहे. सातशे वर्षांपूर्वी इव्वारला आक्रमणाची धास्ती होती. आज धोका आहे तो आपल्याच माणसांना वेशीबाहेर घर शोधावे लागण्याचा.