आधी मंडळाचा अहवाल दाखवा

या आठवड्यात पुन्हा एक बोधचिन्ह स्पर्धा. एका शिक्षणसंस्थेला शंभर वर्षं होतायत, म्हणून ‘नवोदित कलाकारां’कडून प्रवेशिका मागवल्या आहेत. विजेत्याला शाल आणि प्रमाणपत्र, बाकीच्यांना ‘पोर्टफोलिओसाठी उत्तम संधी’. खाली मुंगीच्या अक्षरात एक ओळ : आलेल्या सर्व प्रवेशिकांचे हक्क संस्थेकडे राहतील. म्हणजे हरलेल्यांचेसुद्धा. शताब्दीच्या जेवणावळीला केटरर प्रमाणपत्रावर येणार नाही आणि मांडववाला विसार घेतल्याशिवाय बांबू उतरवणार नाही. फुकट राबायची संधी फक्त चित्र काढणाऱ्याला.

स्पर्धांविषयी लिहिलं की एक उत्तर ठरलेलं असतं : रुपयाचं चिन्ह स्पर्धेतूनच आलं ना? आलं. २०१० साली डी. उदय कुमार यांचं चिन्ह निवडलं गेलं, बक्षीस अडीच लाख रुपये. स्वच्छ भारतचं बोधचिन्हही २०१४ मध्ये स्पर्धेतूनच आलं, ते कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचं, बक्षीस पन्नास हजार. पण एक आयआयटी मुंबईत डिझाइनमधली पीएचडी करत होते, तर दुसरे जाहिरातीच्या धंद्यात मुरलेले. पोर्टफोलिओ जमवायला म्हणून त्यांपैकी कोणी स्पर्धेत उतरलं नव्हतं.

माझ्या ‘पहिलं काम’ या आधीच्या लेखानंतर बऱ्याच मुलामुलींनी आपापले पोर्टफोलिओ पाठवले. त्यातले दोन शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. पहिल्यात एका जगप्रसिद्ध बुटांच्या कंपनीचा कायापालट आहे. नवा लोगो, नवे रंग, लाकडी टेबलावर तिरकं ठेवलेलं व्हिजिटिंग कार्ड, शेजारी कॉफीचा कप. (हा कप सगळ्यांकडे असतो. बहुधा कोर्सबरोबर मिळत असावा.) काम देखणं आहे, हात तयार आहे. फक्त त्या कंपनीने ते मागितलेलं नाही, त्यामुळे ‘नको’ असंही कोणी म्हटलेलं नाही.

दुसऱ्यात गणेशोत्सव मंडळाचा अहवाल आहे. पिवळं मुखपृष्ठ, आत आरत्या, जमाखर्च, वर्गणीदारांची यादी आणि जाहिराती. पहिल्या नजरेला कोणीही पान उलटून पुढे जाईल. पण मुलीने प्रत्येक पानाशेजारी तिच्या हातात काय आलं होतं तेही लावलंय. डेअरीची जाहिरात म्हणजे व्हिजिटिंग कार्डाचा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो, त्यावर अंगठ्याची सावली. तिने ती अख्खी जाहिरात नव्याने बांधली. यादी युनिकोडमध्ये आली होती आणि प्रेसचं सॉफ्टवेअर जुन्या फॉन्टचं. त्यात सगळे रफार उडाले, म्हणून तिने नाव नि नाव पुन्हा तपासलं. सेंटर पिन असल्याने पानं चारच्या पटीतच हवीत आणि छपाईच्या आदल्या संध्याकाळी अध्यक्षांनी अर्ध्या पानाची एक जाहिरात वाढवली. तिने कार्यकारिणीचे फोटो अंगठ्याएवढे करून जागा काढली. खजिनदार रुसले असणारच.

उद्या मला कोणाला काम द्यायचं झालं तर मी हिला देईन. बुटांच्या कंपनीचा लोगो काढणाऱ्या मुलाला चित्र येतं, एवढंच मला कळलं. हिला माणसं येतात, कटिंगला किती जागा सोडायची ते येतं आणि दिलेल्या तारखेला काम हातावेगळं करता येतं. अनोळखी पोराला काम देताना गिऱ्हाईकाच्या पोटात गोळा येतो तो नेमका तारखेचा. माझ्याकडे याची आकडेवारी नाही. कोणत्याही ऑफसेट प्रेसच्या मालकाला विचारा, तो खुर्ची ओढून तासभर बोलेल.

तिने पैसेही घेतले. थोडेच, पण घेतले. मंडळाकडे पैसे नसतात ही अफवा आहे. मलपृष्ठाच्या जाहिरातीचे येतात, डीजेवाल्याला देतात आणि उरलेल्यात चाळीस मुंडक्यांचे फ्लेक्स छापतात. फ्लेक्सबद्दलचं माझं मत वाचकांना पाठ आहे, तरी सांगतो : शहरातला प्रत्येक फ्लेक्स हा कुठल्या तरी होतकरू डिझायनरचा बुडालेला मोबदला आहे. पोर्टफोलिओत फ्लेक्स लावणाऱ्याला काम मिळू नये, असंही माझं मत आहे. त्याला पुरावा लागत नाही.

हक्कांचं थोडक्यात. कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, खाली तुमची सही लागते आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. ५७व्या कलमाने काम आपलं आहे असं सांगायचा अधिकार हक्क विकल्यावरही तुमच्याकडेच राहतो. तरी पोर्टफोलिओत दाखवायची परवानगी काम घेतानाच एका ओळीच्या मेलवर मागून ठेवा. नंतर मागितली की लोकांना अचानक गुपितं आठवतात. आणि वर्गणीदारांचे फोन नंबर झाका. त्या मुलीने ते झाकले नव्हते, मी तिला कळवलंय.

‘पण सुरुवातीला काम देणार कोण?’ हा उरलेला प्रश्न. गावातल्या प्रेसमध्ये जा. आषाढात जा, श्रावण लागला की तिथे कोणाला मान वर करायला फुरसत नसते. अहवाल, पावतीपुस्तकं, पत्रिका सगळं एकदम येतं आणि डीटीपीवाला एकटा असतो. यादीतले रफार तपासून देतो म्हणा. दर आधी सांगा.